अनुयायांची पैदास

फार्महाऊस बांधलेल्या माणसाला साधारण दुसऱ्या पावसाळ्यात बदकं हवीशी वाटू लागतात. पहिल्या पावसाळ्यात छत गळत असतं, त्यामुळे पक्ष्यांकडे लक्ष जात नाही. पुढे गळती थांबते, कुंपण होतं, गेटवर आईच्या नावाची पाटी लागते, लॉन हिरवीगार होते, आणि मालकाला झोपाळ्यावर बसल्या बसल्या जाणवतं की आपल्या अकरा गुंठ्यांत काहीतरी कमी आहे. नेमका त्याच सुमाराला कर्जतच्या किंवा मुळशीच्या वाटेवर कुणीतरी जाळीच्या खोक्यात पिवळी पिल्लं घेऊन बसलेला दिसतो. गाडी थांबते. “कशी दिली?” “जोडीच घ्या साहेब, एकटं राहत नाही.” या एका वाक्यात विक्रेत्याने पक्षिशास्त्रातलं निखळ सत्य सांगितलेलं असतं आणि दुप्पट मालही खपवलेला असतो. एका जोडीच्या दोन जोड्या होतात. “ते मोठं करडं कसलं?” असं विचारल्याचा दंड म्हणून हंसाचं एक पिल्लू वर पडतं. आणि त्या संध्याकाळपासून एक सुशिक्षित, हप्ते वेळेवर भरणारा, मधुमेह आटोक्यात ठेवलेला माणूस बाथरूमच्या फरशीवर उकिडवा बसून पाण्याची ताटली बदलू लागतो. ती बदलून तो गुडघ्यावर हात टेकत उभा राहीपर्यंत ताटली पुन्हा बदलायला झालेली असते.

हे सगळं कशासाठी, असं त्याला विचारलं तर तो तीन उत्तरं देतो. घरची अंडी मिळतील, राखण होईल, मुलांना निसर्ग कळेल. तिन्ही उत्तरं ऐकायला चोख आहेत आणि माझ्या मते तिन्ही खोटी आहेत. माणूस बदकाची आणि हंसाची पिल्लं आणतो ती आपल्या मागे कुणीतरी चालावं म्हणून. वयाच्या पन्नाशीत त्याच्या मागे कोणी उरलेलं नसतं. मुलगा कानातलं काढत नाही. ऑफिसात त्याने पाठवलेल्या ईमेलला लोक अंगठा दाखवतात. सोसायटीच्या सभेत तो मुद्दा मांडायला उभा राहिला की नेमका त्याच वेळी चहा येतो. अशा माणसाने कुठल्यातरी चित्रात पाहिलेलं असतं की पुढे एक डौलदार आकृती चालली आहे आणि तिच्यामागे अंतर राखून, एका ओळीत, एकही शंका न विचारता सहा-सात जीव चालले आहेत. मांजर असं काही करणार नाही. कुत्रा मागे येतो, पण तो रांग लावत नाही, आणि एकच असतो. एका माणसाचा मोर्चा होत नाही. कोंबडीची पिल्लं आईमागे धावतात, पण वाटेत किडा दिसला की पांगतात. शिस्तीत रांग लावणं ही पाणपक्ष्यांचीच खासियत, आणि आपल्या हौशी माणसाला पक्षी नको असतात, रांग हवी असते.

या म्हणण्याला विज्ञानाचा भक्कम आधार आहे, असं हौशी माणूस स्वतःच तुम्हाला सांगेल, कारण त्याने कोनराड लोरेंट्स वाचलेला असतो. निदान लोरेंट्सचा तो फोटो तरी पाहिलेला असतो. व्हिएन्नाजवळच्या आल्टेनबर्गला राहणाऱ्या या शास्त्रज्ञाने दाखवून दिलं की हंसाचं पिल्लू अंड्यातून बाहेर आल्यावर जी हलती-बोलती गोष्ट पहिल्यांदा पाहतं तिलाच आई मानून तिच्यामागे चालू लागतं. ऑस्कर हाइनरोथ या जर्मन पक्षितज्ज्ञाने १९११मध्येच ही गोष्ट टिपली होती; लोरेंट्सने तिचा पाठपुरावा केला, आणि १९७३ साली त्याला कार्ल फॉन फ्रिश आणि निकोलास टिनबर्गन यांच्यासोबत नोबेल पारितोषिक मिळालं. हौशी माणसाच्या डोळ्यांसमोर ते पारितोषिक असतं. त्यासाठी लोरेंट्सला काय करावं लागलं हे मात्र तो वाचत नाही. हंसाची पिल्लं नुसत्या माणसाला भुलली; रानबदकाची पिल्लं भुलेनात. त्यांना आईचा आवाजही हवा होता आणि आईची उंचीही. तेव्हा या विद्वानाने आपल्या बागेतल्या गवतात उकिडवं बसून, रांगत, इंग्रजी आठच्या आकड्यात फिरत, न थांबता क्वॅक क्वॅक केलं. मध्ये क्षणभर थांबलं की पिल्लं रडायला लागत. एकदा त्याने मान वर करून पाहिलं तर कुंपणापलीकडे सहलीला आलेले लोक पांढरेफटक पडून उभे होते. गवत उंच होतं, त्यामुळे त्यांना पिल्लं दिसत नव्हती. दिसत होता तो फक्त एक दाढीवाला मोठा माणूस. जगात रांगत क्वॅक क्वॅक करून नोबेलपर्यंत पोहोचलेला माणूस हा एकच. बाकीच्यांचे फक्त गुडघे खराब झाले आहेत.

बरं, ही मागे येण्याची वृत्ती म्हणजे निष्ठा, असं मानायलाही पुरावा फारसा साथ देत नाही. १९५०च्या दशकात एकहार्ड हेस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने एका गोल मार्गावर बदकाचं नकली सोंग फिरवलं, त्याच्या पोटातून रेकॉर्ड केलेला आवाज सोडला, आणि पिल्लं त्या सोंगामागे तितक्याच भक्तिभावाने चालली. जन्मानंतरच्या तेरा ते सोळा तासांत ही भूल सर्वांत घट्ट बसते, असं त्याला दिसलं. त्याला आणखी एक गोष्ट दिसली, ती जास्त विचार करण्याजोगी आहे. वाटेत अडथळे टाकले, पिल्लांना धडपडत यावं लागलं, तर निष्ठा कमी न होता वाढते. कार्यकर्त्याला उन्हातान्हात सतरंज्या उचलायला लावल्या की तो पक्ष सोडत नाही, हे आपल्याकडे हेसशिवाय माहीत होतं. पाण्यातल्या रांगेचं रहस्य तर त्याहून व्यवहारी निघालं. २०२१मध्ये नौकाबांधणीच्या गणितज्ञांनी हिशोब करून दाखवलं की आईच्या पाठीमागे नेमक्या जागी पोहलं तर पिल्लाला तिच्या पाण्याचा अडथळा होत नाही, उलट तिची लाटच त्याला पुढे ढकलते, आणि हा फायदा रांगेतल्या मागच्या पिल्लांपर्यंत पोहोचतो. या अभ्यासाचा २०२२च्या इग नोबेलमध्ये, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाच्या पारितोषिकांत, वाटा होता. दुसऱ्याच्या लाटेवर कमीत कमी हातपाय मारून पलीकडे पोहोचण्याच्या या तंत्रावर आपल्या विधानसभेत काही ज्येष्ठ तज्ज्ञ आहेत. त्यांना कोणी विचारलं नाही.

पण समजा, निष्ठा खोटी असली तरी रांग खरी आहे, आणि आपल्याला रांगच हवी आहे, असा युक्तिवाद कोणी केला. तर त्यालाही उत्तर आहे, आणि ते जाळीच्या खोक्यातच बसलेलं असतं. रस्त्याकडेला मिळणारी पिल्लं चार-आठ दिवसांची असतात. तेरा ते सोळा तासांचा मुहूर्त केव्हाच टळलेला असतो. त्या तासांत त्यांनी यंत्राच्या ट्रेमध्ये एकमेकांची तोंडं पाहिलेली असतात, आणि आई म्हणून एकमेकांवरच शिक्कामोर्तब केलेलं असतं. मालक “या, या, या” करत व्हरांड्यात पुढे चालू लागला की ती चारही पिल्लं अतिशय शिस्तीत, एका ओळीत, विरुद्ध दिशेला पळतात. मालक वळला की तीही वळतात. त्यांना माणूस ओळखता येत नाही असा याचा अर्थ नाही. ऑक्सफर्डच्या अँटोन मार्टिन्हो आणि अ‍ॅलेक्स कासेल्निक यांनी २०१६मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवलं की अंड्यातून नुकतंच आलेलं बदकाचं पिल्लू दोन सारख्या वस्तूंची जोडी आणि दोन वेगळ्या वस्तूंची जोडी यांतला फरक कुणीही न शिकवता ओळखतं. एवढी समज असलेल्या प्राण्याला बर्म्युडा घातलेला गृहस्थ आणि आपली आई यांत घोटाळा करावासा वाटेल, हे गृहीत धरणं हाच खरा अहंकार.

हंसाच्या त्या वर पडलेल्या करड्या पिल्लाची गोष्ट निराळी. ते एकटंच असतं, आपल्या जातीचं कोणी दिसत नाही, आणि ते खरोखर मागे येतं. हौशी माणसाला हवं ते मिळतं आणि तेव्हाच त्याचे हाल सुरू होतात. लोरेंट्सच्या मार्टिना नावाच्या पिल्लाचं उदाहरण प्रसिद्ध आहे. त्याचा बेत साधा होता: जन्मलेलं पिल्लू थोडा वेळ पाहायचं आणि पाळीव हंसिणीच्या पंखाखाली सोडून द्यायचं. पिल्लाने हंसिणीच्या पंखाखालून बाहेर येऊन, रडत रडत लोरेंट्सचा माग काढला. मग ते त्याच्या खोलीत झोपू लागलं आणि रात्रीतून पुन्हा पुन्हा उठून, तू आहेस ना, अशी चौकशी करू लागलं. प्रत्येक वेळी झोपेतून हंसाच्या भाषेत उत्तर द्यावं लागे. आपल्याकडच्या हौशी माणसाचं यापेक्षा वेगळं काही होत नाही. अनुयायी मागे येतो म्हणजे सगळीकडे मागे येतो. बाथरूमचं दार लावलं की बाहेर बसून आक्रोश करतो. फोनवर बॉसशी बोलताना आक्रोश करतो. “घरी लहान बाळ आहे का?” असं पलीकडून विचारलं जातं आणि खरं सांगण्यापेक्षा “हो, भाच्याचं” म्हणणं सोपं पडतं. ज्याच्या मागे लोक असतात त्याला एकांत नसतो, ही तक्रार मोठी माणसं मुलाखतींत नेहमी करतात. एका हंसाच्या बळावर ती करण्याचा मान मात्र फार थोड्यांना मिळतो.

आता खर्चाकडे येऊ, म्हणजे पाण्याकडे. बदकाचं पिल्लू पाण्यातला प्राणी आहे, हा गैरसमज नवशिक्याला सर्वांत आधी सोडावा लागतो. आईच्या पंखाखाली वाढणाऱ्या पिल्लाच्या लवेला तिच्या पिसांवरचं तेल लागतं. यंत्रात जन्मलेल्याला ते मिळत नाही, आणि त्याची स्वतःची शेपटीजवळची तेलग्रंथी पहिल्या काही आठवड्यांत पुरेसं काम करत नाही. म्हणून असं पिल्लू पाण्यात फार वेळ ठेवलं तर भिजतं, गारठतं आणि बुडूनही मरतं. ‘बुडून मेलेलं बदक’ हे शब्द उच्चारताना कुणालाही लाज वाटेल, पण ते खरं आहे. तेव्हा पोहायला पाणी द्यायचं नाही. मात्र प्यायचं पाणी इतकं खोल हवं की चोच नाकपुड्यांपर्यंत बुडाली पाहिजे. नाहीतर नाकपुड्या चोंदतात आणि डोळे चिकटतात. बुडेल इतकं खोल, पण बुडणार नाही इतकं उथळ, अशी ताटली घरात असतेच. ती नेमकी नैवेद्याची असते. पुढे पिल्लाचं जेवण सुरू होतं. ते कोरडा भरडा चोचीत घेतं, पाण्याकडे धावतं, अर्धा पाण्यात सांडतं, उरलेला गिळतं, मग पाणी चोचीत घेऊन भरड्याकडे धावतं. दूध आणि पाणी वेगळं करणाऱ्या हंसाची आपल्या परंपरेत केवढी कीर्ती. त्याचं पिल्लू जन्मल्यापासून उलट प्रयोग करत असतं. जगातला प्रत्येक घन पदार्थ आणि प्रत्येक द्रव पदार्थ यांचा चिखल झाला पाहिजे, अशी त्याची दृढ भूमिका आहे, आणि जे उरतं त्याची सोय ते दुसऱ्या टोकाने करतं, तेही पातळ आणि थोड्या थोड्या वेळाने. परदेशात बदकांसाठी लंगोट विकत मिळतात. हे वाचून हसू येत असेल तर तुमच्याकडे बदक नाही.

निःपक्षपातीपणे सांगायचं तर यात पिल्लाचा दोष नाही. चिखल करणं हा त्याचा पिढीजात व्यवसाय आहे. जपानमध्ये ताकाओ फुरुनो या शेतकऱ्याने १९८०च्या दशकाच्या अखेरीस बदकाची पिल्लं भातखाचरात सोडली; त्यांनी तण खाल्लं, किडे खाल्ले, पायांनी पाणी ढवळून चिखल केला, शेणखताचं काम फुकट केलं आणि भात जोमाने आला. त्या पद्धतीचा पुढे आशियाभर बोलबाला झाला. तेच काम, तीच निष्ठा, तीच विष्ठा. फक्त खाचराऐवजी व्हिट्रिफाइड टाइल.

पाण्यानंतर ऊब. पहिल्या आठवड्यात साधारण ३२ अंश, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी, असं पुस्तक सांगतं. त्यासाठी हौशी माणूस दिवा आणतो, थर्मामीटर आणतो, दर तासाला वाकून आकडा वाचतो. पिल्लं दिव्याखाली एकमेकांवर चढली तर थंडी वाजते आहे, लांब कोपऱ्यात जाऊन चोच उघडून बसली तर उकडतं आहे, हे डोळ्यांना दिसत असतं. पण डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टीवर इंजिनिअरिंग झालेल्या माणसाचा विश्वास बसत नाही. खाली अंथरायला तो वर्तमानपत्र घालतो. ते मात्र चालत नाही. गुळगुळीत कागदावर पिल्लांचे पाय घसरून दोन बाजूंना फाकतात आणि तसेच राहू शकतात. वर्तमानपत्रांत लिहिणाऱ्या आम्हा मंडळींच्या मजकुराचा समाजावर परिणाम होतो की नाही, यावर नेहमी परिसंवाद होतात. एवढा थेट परिणाम कुणीच सिद्ध केला नव्हता. मग भाताचं तूस येतं. तूस पाण्यात जातं, पाणी तुसात जातं. तोपर्यंत पायांचा दुसरा प्रश्न उभा राहतो, नायसिनचा. बदकाच्या पिल्लाला हे जीवनसत्त्व कोंबडीच्या पिल्लापेक्षा जास्त लागतं, आणि कोंबडीच्या खाद्यावर वाढवलं तर त्याचे पाय वाकण्याची भीती असते. म्हणून हौशी माणूस औषधाच्या दुकानात उभा राहतो. “नायसिन आहे?” “पेशंट कोण?” “आहेत चौघं.” “वय?” “दहा दिवस.” “चौघांचं?” इथे दुकानदार चष्मा काढतो. हंसाला आणखी वेगळं पथ्य. त्याला प्रथिनं जास्त झाली तर वाढ इतकी भराभर होते की पंखाचं टोक बाहेरच्या बाजूला वळतं आणि मग तो पंख कायम नमस्काराच्या ऐवजी निरोपाच्या पवित्र्यात राहतो. हंस हा मुळात चरणारा पक्षी. त्याला गवत हवं. फार्महाऊसवर गवत एकाच प्रकारचं असतं, जे चौरस फुटावर विकत घेतलेलं असतं.

इथे अंड्यांचा पक्ष उठून बोलतो. खाकी कॅम्पबेल जातीचं बदक चांगल्या निगेत वर्षाला ३००च्या आसपास अंडी देतं, असं तो सांगतो, आणि ते खरं आहे. इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरशायरच्या कॅम्पबेलबाईंनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी ही जात घडवली आणि कोंबड्यांना खाली मान घालायला लावली. पण रस्त्याकडेच्या खोक्यातलं पिवळंधमक पिल्लू खाकी कॅम्पबेल नसतं. त्यातली अर्धी नर असण्याची शक्यता असते. माद्या निघाल्या तरी अंडं पाच-सहा महिन्यांनी. आणि मिळालं तरी ते खाणार कोण? केरळात, बंगालात, आसामात बदकाच्या अंड्याला मान आहे. आपल्याकडच्या पुष्कळ स्वयंपाकघरांत ते अंडं टेबलावर ठेवलं की शांतता पसरते. “याला वास येतो म्हणे.” “अगं, ऑम्लेटमध्ये कळणारसुद्धा नाही.” “मग तुम्हीच खा ना ऑम्लेट.” तो खातो. रोज खातो. त्या एका अंड्याचा भाव काढायचा झाला तर भरडा, दिवा, तूस, जाळी, नायसिन आणि दोनदा बदललेली बाथरूमची जाळी यांची बेरीज करावी लागेल, आणि ती बेरीज तो करत नाही. ज्याला अंडी हवी असतात तो बेरीज आधी करतो. याने केली नाही, यातच त्याला दुसरं काहीतरी हवं होतं हे आलं.

राखणीचा मुद्दा अधिक वजनदार आहे, कारण त्यामागे रोम उभं आहे. इ.स.पू. ३९०च्या सुमाराला गॉल लोक रात्री कॅपिटोलाइन टेकडी चढत होते तेव्हा कुत्री झोपून राहिली आणि जुनो देवीच्या हंसांनी ओरडून शिबंदी जागी केली, असं रोमन इतिहासकार सांगतात. स्कॉटलंडमधल्या डंबार्टनला बॅलंटाइन्स व्हिस्कीच्या गोदामांवर १९५९पासून कित्येक दशकं हंसांचा पहारा होता. व्हिस्कीवर पहारा ठेवायचा तर न पिणारा पहारेकरी हवा, हे स्कॉटिश माणसाचं शहाणपण मान्यच. पण दोन्हीकडे राखायचं काहीतरी होतं आणि येणारा बहुतेक शत्रूच होता. फार्महाऊसवर येणारी माणसं म्हणजे दूधवाला, मीटर पाहणारा, आणि रविवारी जेवायला बोलावलेली मेहुणी. हंस यांत फरक करत नाही. तो मान जमिनीलगत लांब करून फूत्कार टाकत येतो आणि पोटरी धरतो. “चावत नाही हो तो, ओळख करून घेतोय,” असं मालक खुर्चीवर चढून सांगतो. रोमच्या हंसांनी त्या रात्रीच्या आधी किती रात्री पुजाऱ्याला पाहून उगाच आरडाओरडा केला होता, याची नोंद इतिहासकारांनी ठेवलेली नाही. शिवाय पाळीव हंस वीस वर्षंसुद्धा जगतो. गृहकर्जाची मुदत साधारण तेवढीच असते, पण कर्ज मुदतीआधी फेडता येतं.

मुलांच्या निसर्गशिक्षणाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. मुलं चार दिवस फोटो काढतात. त्यांना जे शिकायचं ते मात्र ती लवकर शिकतात: पिल्लांना नाव ठेवण्याची घाई करू नये. बदकाचा नर-मादी फरक सहा-सात आठवड्यांनंतर आवाजावरून कळतो. मादी खणखणीत ओरडते आणि नर घसा बसल्यागत खरखरतो. तोवर तानसेन म्हणून हाका मारलेलं पिल्लू नर निघालं की जन्मभर कुजबुजतं, आणि लाजरी-बुजरी म्हणून ‘अबोली’ नाव दिलेली मादी पहाटे पाचला शेजारच्या तीन प्लॉटना उठवते. पाच-सहा माद्यांमागे एक नर पुरतो. याच्याकडे तीन नर आणि एक अबोली.

आतापर्यंतच्या विवेचनावर सर्वांत गंभीर आक्षेप असा येऊ शकतो की हे पाळणंच मुळात वेडेपणाचं असेल, तर जगभर लोक बदकं पाळून पोट कसं भरतात? आक्षेप रास्त आहे, आणि त्याच्या उत्तराने माझंच म्हणणं पक्कं होतं. केरळात कुट्टनाडला जाऊन पाहावं. समुद्रसपाटीखालची ती भातशेती कापली गेली की तिथे चारा आणि चेंबल्ली जातीच्या बदकांचे हजार-हजारांचे थवे उतरतात, सांडलेले दाणे, गोगलगायी, बेडूक टिपतात आणि खाचर संपलं की पुढच्या खाचरात जातात. त्यांच्यासोबत एक-दोन माणसं असतात. त्यांच्या हातात लांब काठी असते, कधी छोटी होडी असते, आणि ती माणसं कायम थव्याच्या मागे असतात. कुणालाही थव्याच्या पुढे चालण्याची हौस नसते, कारण पुढे चालणाऱ्याला मागचं काही दिसत नाही, आणि हिशोब मागच्या बदकांचा द्यावा लागतो. ती कुणाला नाव देत नाहीत, थर्मामीटर वाचत नाहीत, बदकांनी आपल्याकडे पाहावं अशी अपेक्षा ठेवत नाहीत. बदकंही त्यांच्याकडे पाहत नाहीत. दोन्ही बाजूंचं उत्तम चाललेलं असतं. आपल्या हौशी माणसालाही अखेर बदकांच्या मागूनच चालावं लागतं, हातात काठीऐवजी फडकं असतं, एवढाच फरक. पण तो मनातून अजून पुढेच चालत असतो, त्यामुळे घसरतो.

आणि शेवटचा पुरावा असा की या सगळ्यावर एक स्वस्त, खात्रीचा, हजारो वर्षं तपासलेला उपाय उपलब्ध आहे, आणि हौशी माणूस तो ऐकूनही घेत नाही. उपाय म्हणजे खुडूक कोंबडी. बदकाची अंडी तिच्याखाली ठेवायची. तिची स्वतःची अंडी एकवीस दिवसांत फुटतात, बदकाची अठ्ठावीस दिवस घेतात. ती वरचा आठवडा विनातक्रार, विनाभत्ता बसून काढते. पुढे ऊब तीच देते, रात्री पंखाखाली तीच घेते, मांजरावर तीच धावून जाते. दिवा नको, थर्मामीटर नको, तूस नको. एकच प्रसंग वाईट येतो: पिल्लं एके दिवशी डबक्यात उतरतात आणि ती काठावर जिवाच्या आकांताने ओरडत येरझाऱ्या घालते. सिसेरोने दोन हजार वर्षांपूर्वी कोंबडीने उबवलेल्या आणि पाणी दिसताच तिला सोडून जाणाऱ्या या पिल्लांबद्दल लिहून ठेवलं आहे, म्हणजे पद्धत तेव्हाही जुनी होती. फार्महाऊसच्या पलीकडच्या वाडीतली कुठलीही मावशी हा उपाय न विचारता सांगते.

“अंडी आणा, आमची खुडूक बसलीय, तिच्याखाली ठेवते. महिन्याने पिल्लं घेऊन जा.”

हौशी माणूस विचारात पडतो. खर्चाचा नाही, कष्टाचाही नाही. “पण मावशी, मग ती पिल्लं कोंबडीच्या मागे जातील ना?”

“तिच्याच मागं जाणार की. आणि कुनाच्या?”

“नाही, म्हणजे... माझ्या मागे यायला हवीत.”

मावशी त्याच्याकडे खालपासून वरपर्यंत पाहते. “मग तुमीच बसा रवणाला,” ती म्हणते. “पन उठायचं न्हाई मधी.”